संगणकावर चित्र शिकताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मंडळाच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षण मी काही वर्षं करतो आहे. बक्षीस समारंभ झाला की पालक मला गाठतात आणि बहुतेक तीनच प्रश्न विचारतात. पहिला, मुलाला टॅब्लेट घेऊन द्यावा का? दुसरा, संगणकावर काढलेलं चित्र हे खरं चित्र म्हणायचं का? तिसरा प्रश्न अलीकडचा आहे. शब्द टाइप केले की यंत्रच चित्र काढून देतं, मग मुलांनी शिकायचं कशाला? कार्यकारिणीने या वर्षी मला बोलण्याची संधी दिली, तेव्हा ठरवलं की या तीन प्रश्नांवरच बोलावं. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. याच शहरात, कला महाविद्यालयात शिकताना जे हाताला कळलं तेवढंच सांगणार आहे.

२००० नंतरची ती पहिली वर्षं. वर्गात आम्ही पेन्सिल, जलरंग, तैलरंग शिकत होतो. धर्मतल्ल्याला जाऊन रंगाच्या ट्यूब एक-एक मोजून घ्यायच्या, चांगला कागद दोघांत वाटून घ्यायचा, अशी परिस्थिती. वडिलांनी चांदनी चौकातून सुटे भाग जमवून एक संगणक बांधून घेतला होता, तो ताईच्या अभ्यासासाठी. रात्री ती झोपली की तो माझा. पुढे एका मित्राने आपला जुना पेन-टॅब्लेट वापरायला दिला आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं.

हा टॅब्लेट म्हणजे एक काळी पाटी. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ मात्र समोरच्या पडद्यावर उमटते. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. जन्मापासून आपण जिथे हात तिथे नजर ठेवतो, त्यामुळे सुरुवातीला साधं वर्तुळसुद्धा बटाट्यासारखं येतं. मी रोज अर्धा तास फक्त रेघा मारत असे. उभ्या, आडव्या, हलक्या सुरू होऊन जाड होणाऱ्या, पुन्हा हलक्या होणाऱ्या. पेनाचं टोक दाब ओळखतं, त्यामुळे हाताचा भार कमी-जास्त करायला शिकावं लागतं. तीन-चार आठवड्यांनी हात आणि नजर यांची गाठ पडली. लहानपणी बालवाडीत पाटीवर गिरवलं होतं, तेच पुन्हा गिरवलं म्हणा ना.

त्यानंतर आले थर, म्हणजे लेयर्स. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, पण त्यात थरांची सोय १९९४ च्या आवृत्तीपासून मिळाली. एकावर एक पारदर्शक काचा ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर चित्राचा एकेक भाग रंगवावा, तशी ही कल्पना आहे. त्यात ‘मल्टिप्लाय’ नावाचा एक प्रकार आहे. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. वरच्या थराचा रंग खालच्या रंगाशी असा मिसळतो की परिणाम नेहमी गडदच होतो. पांढरा रंग लावला तर खालचं जसंच्या तसं राहतं. हे वाचून काही केल्या लक्षात येईना. ते लक्षात आलं आमच्या मास्टरमोशायांमुळे, आणि त्यांनी तर संगणकाला कधी हातही लावला नव्हता.

ते आम्हाला वॉश पद्धत शिकवत. या पद्धतीचं कलकत्त्याशी जवळचं नातं आहे. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार इथे आले. ताइकान ओल्या कुंचल्याने रंग कसे विरघळवतात ते अवनींद्रनाथ ठाकुरांनी जवळून पाहिलं. पण त्यांनी नुसती नक्कल केली नाही. आपलं अख्खं चित्रच ते पाण्यात बुडवू लागले. पातळ रंग लावायचा, वाळवायचा, कागद पाण्यातून काढायचा. वरवरचा रंग निघून जातो, मुरलेला राहतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. त्यांचं १९०५ मधलं ‘भारतमाता’ याच पद्धतीचं आहे. कागदाचा पांढरेपणा खालून उजळत राहतो आणि प्रत्येक थर त्याला थोडा गडद करत जातो. मास्टरमोशायांच्या टेबलावर हे पाहिलं आणि मल्टिप्लायचा गुणाकार मला एकदम समजला. त्या रात्री मी पडद्यावर फिकट पिवळ्यावर फिकट निळा, त्यावर फिकट तांबडा असे सात-आठ थर देऊन मैदानावरची पावसाळी संध्याकाळ रंगवली. माझं थोडंफार जमलेलं ते पहिलं डिजिटल चित्र. ते जमलं, कारण आधी कागद पाण्यात बुडवला होता.

पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. संगणकावरचं चित्र खरं की खोटं हे साधनावरून ठरत नाही. सावली काळी नसते, तिलाही रंग असतो. उजेड उबदार असेल तर सावली थंड दिसते. चित्रात आधी उजेड-काळोखाची मांडणी पक्की लागते, रंग नंतर. हे सगळं कागदावर जसं खरं तसंच पडद्यावर. संगणक रंग देतो, डोळा देत नाही. उलट एक सोय तो फार चांगली देतो. एक कळ दाबून चित्र उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं करता येतं, आणि वाकडं नाक किंवा कललेला खांब लगेच दिसतो. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना हाच सल्ला दिला होता, आपलं चित्र आरशात पाहून तपासा म्हणून.

आता संगणकाच्या दोन घातक सोयी सांगतो. मुलांनो, नीट ऐका. पहिली ‘अनडू’. चुकलं की मागे जा. यामुळे हात बेफिकीर होतो. एक रेघ वीस वेळा मारायची आणि त्यातली एक निवडायची अशी सवय लागते. आपल्याकडे पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर पाहा. इथे कुमारटुलीत दुर्गेचे डोळे रेखणारा पाल पाहा. श्वास रोखून एकदाच कुंचला फिरतो. तिथे अनडू नाही. म्हणून मी आजही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस नेम घालून देतो: एकच थर, एकच ब्रश, अर्धा तास, आणि अनडू बंद. दुसरी घातक सोय ‘झूम’. पापणीचा एकेक केस रंगवत बसायचं आणि चेहरा मात्र वाकडा राहायचा. हा धडा मला ज्यांनी दिला त्यांच्याविषयी थोडं सविस्तर बोलायचं आहे.

आमच्या गल्लीत एक पेंटर राहत. सगळे त्यांना दादा म्हणत. हाजरा-भवानीपूर भागातल्या सिनेमागृहांचे मोठे बोर्ड ते रंगवत. शाळेत असल्यापासून मी त्यांच्याकडे जाऊन बसे. छोट्या फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखायचे आणि चौकोनागणिक चित्र वाढवत न्यायचं. जवळून पाहिलं तर नुसते तांबडे-निळे फटकारे. रस्त्यापलीकडे गेलं की त्यातून उत्तमकुमार हसताना दिसे. दर दहा मिनिटांनी दादा शिडीवरून उतरत, रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या दुकानापर्यंत जात आणि तिथून बोर्डाकडे बघत.

मी संगणक शिकत होतो त्याच सुमाराला शहरात फ्लेक्स आला. आठवडाभर रंगवायचा बोर्ड रातोरात छापून मिळू लागला, तोही स्वस्तात. दोन-तीन वर्षांत दादांचं काम बंद झालं. आणि खरं सांगायचं तर माझी पहिली कमाई त्याच फ्लेक्सवर झाली. एका दुकानदाराच्या पूजेच्या बॅनरसाठी मी चित्र काढून दिलं. आधी तो बॅनर दादाच रंगवत. पैसे घेऊन मी घरी आलो, पण त्यांच्या दारावरून जाताना पाय जड झाले. शेवटी एके दिवशी त्यांनाच घरी बोलावलं आणि पडद्यावरचं चित्र दाखवलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे लोक कुठून बघणार? किती लांबून?” मी चेहऱ्यावर बारीक काम करत बसलो होतो, आणि बॅनर लागणार होता चौकात, विजेच्या खांबावर. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाले, “इथून बघ. इथून जे दिसतं तेवढंच रंगव.” त्यानंतरही मला अडचण आली की ते येत. पण त्यांच्या हाताला पूर्वीसारखं काम पुन्हा मिळालं नाही. ही गोष्ट गोड करून सांगता येणार नाही.

आपल्या या शहराने असं पूर्वीही पाहिलं आहे. कालीघाटच्या देवळाभोवतीच्या पटुआंनी गिरणीचा स्वस्त कागद हाती आल्यावर झरझर रेषेची एक सुंदर शैली घडवली. आज ती चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण छापील चित्रं त्याहून स्वस्त मिळू लागली तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पटुआंचा धंदा बसला. याच शहरात दुसरंही उदाहरण आहे. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी. पुस्तकातली आपली चित्रं लाकडी ठशांवरून खराब छापली गेली, म्हणून त्यांनी १८९५ साली विलायतेहून सामग्री मागवली आणि हाफटोन छपाईचा अभ्यास केला. हाफटोन म्हणजे चित्राची बारीक ठिपक्यांत फोड. त्या विषयावरचे त्यांचे लेख इंग्लंडच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून आले. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं, त्यात स्वतःची चित्रं स्वतःच्या छापखान्यात छापली. आज आपण पिक्सेल म्हणतो तो त्या ठिपक्याचाच भाऊबंद. चित्रकाराने यंत्र आतून समजून घेतलं आणि आपल्या कामाला जुंपलं.

तेव्हा यंत्र आलं की काहींची भाकरी जाते, हे खरं. आणि ज्याला चित्र येतं आणि यंत्रही कळतं तो त्यातून नवं काही करू शकतो, हेही खरं. २०२२ पासून शब्दांवरून चित्र तयार करणारी साधनं सर्वांच्या हाती आली आहेत. माझ्या ओळखीच्या तरुण चित्रकारांची लहान-सहान कामं त्यामुळे कमी झाली आहेत. म्हणून तिसऱ्या प्रश्नाला मी “काळजी करू नका” असं उत्तर देणार नाही. पण यंत्राने दिलेल्या दहा चित्रांतलं कोणतं बरं, त्यातला हात का चुकला आहे, सावली कुठल्या दिव्याची आहे, आणि हे लोक किती लांबून बघणार, हे सांगायला चित्र शिकलेला माणूसच लागतो. शिवाय मूल चित्र काढतं ते काही फक्त नोकरीसाठी नाही. झाड नीट बघायला शिकलेलं मूल आयुष्यभर झाड बघतं.

आता पहिला प्रश्न, टॅब्लेट घ्यावा का? दहा-बारा वर्षांपर्यंत मुळीच घाई करू नका. कागद, पेन्सिल, जलरंगाची डबी पुरे. पुढे आवड टिकली तर काही हजार रुपयांत मिळणारा साधा पेन-टॅब्लेट घ्या. पडद्यावरच चित्र काढायचा महागडा प्रकार नंतर. क्रिटा, गिंप हे प्रोग्रॅम संगणकासाठी फुकट आणि कायदेशीर मिळतात, तेव्हा चोरीच्या सीडीची गरज नाही. छापायचं चित्र सुरुवातीलाच ३०० डीपीआयवर घ्यावं. ए-फोर कागदासाठी ते २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. आणि पडद्यावरचा रंग हा प्रकाशाचा, कागदावरचा शाईचा. पडद्यावर झळाळणारा शेंदरी छापल्यावर थोडा मंद होणारच. आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाला नावं ठेवण्यापूर्वी कृपया एवढं लक्षात घ्यावं! (हशा)

शेवटी एक विनंती. पूर्वी आपल्या मखरामागचा पडदा हाताने रंगवला जाई, आता तोही छापून येतो. पुढच्या वर्षी निदान एक पडदा मुलांकडून करून घेऊ. अर्धा कुंचल्याने, अर्धा संगणकावर. आणि तो रंगवताना दर दहा मिनिटांनी मुलांना मंडपाच्या दारापर्यंत पाठवू, तिथून बघायला. त्यासाठी लागेल तेवढा वेळ मी द्यायला तयार आहे.



गणपती बाप्पा मोरया!