आधी दोष शोधा, मग भाग बदला
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. मी मोटारीच्या पंख्यावर बोलणार हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण या पंख्याने मला जो धडा दिला, तो पालकांच्या आणि शिक्षकांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या मामूंची एक जुनी पेट्रोल मोटार आहे. साताऱ्याहून म्हसवडला येताना मोकळ्या रस्त्यावर ती नीट चाले. पण पुसेगाव-दहिवडीच्या गर्दीत थांबली की तापमानाचा काटा वर चढे. अर्धे निदान येथेच होते. इंजिनात तापलेले कूलंट रेडिएटरमध्ये येऊन हवेने निवते. गाडी धावताना हे काम समोरचा वारा करतो. गाडी उभी राहिली की ते विजेच्या पंख्याला करावे लागते. कूलंट फिरवणारा पंप अशा गाड्यांत बहुधा बेल्टवर चालतो. विजेवरच्या मोटारीत मात्र पंपही विजेचाच असतो, आणि त्याच्या 12 व्होल्टच्या तारांची तपासणी याच रीतीने होते. तेथील नारिंगी तारांना मात्र शिकलेल्या माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. कारागिराने पंख्याचा प्लग काढून मीटर लावला. मीटरने 12 व्होल्ट दाखवले. "वीज येते आहे, तरी पंखा नीट फिरत नाही, म्हणजे मोटर गेली," असा त्याने निकाल दिला. नवी मोटर बसली. जोड हलल्यामुळे आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा काटा वर! पैसे गेले ते गेलेच.

शेवटी माझाच एक माजी विद्यार्थी, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकलेला, घरी आला. त्याने आधी इंजिन निवू दिले, मग कूलंटची पातळी पाहिली. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, आणि बंद गाडीतही पंखा अचानक फिरू शकतो म्हणून पात्यांजवळ हात न्यायचा नाही, हे मामूंना बजावले. नंतर फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. फ्यूज उडाला तर तो का उडाला हे शोधावे. मोठा फ्यूज किंवा नुसती तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण! मग त्याच जातीचा हॉर्नचा रिले पंख्याच्या जागी लावून पाहिला. फरक पडला नाही.

पुढे त्याने रिले काढून त्याच्या जागेतील 30 आणि 87 ही टोके फ्यूज असलेल्या तारेने जोडली. पंखा फिरला, पण मरगळलेला. फिरत्या पंख्याच्या अर्थिंगच्या टोकाला मीटरची एक तार आणि बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरी लावली. तेथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. आले पाच व्होल्टच्या आसपास! अर्थिंगची तार बॉडीला जोडते तो बोल्ट गंजला होता. सर, दोष सापडला, असे म्हणून त्याने कानसपेपरने तो घासला, आवळला, आणि पंखा भणाणून फिरू लागला.

मग पहिल्या मीटरने 12 व्होल्ट कसे दाखवले? आपल्या गावचा नळच पाहा. नळीत कचरा अडकला असला तरी तोटी बंद असताना दाब पुरा भरतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी. मीटर वीज जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्याला अडथळा दिसत नाही. हिशेबापुरते धरू की पंख्याचा रोध 1.2 ओहम आणि गंजाचा 0.8. एकूण 2 ओहम, म्हणून प्रवाह 10 अँपिअरऐवजी 6 वाहील, आणि गंजातच 4.8 व्होल्ट खर्च होतील. पंख्याला उरतील 7.2. दोष असा भार पडल्यावरच उघडा पडतो.

हा नियम ज्याच्या नावाने चालतो तो जॉर्ज ओहम कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बाप स्वतःच्या जिद्दीने शिकला आणि त्याने मुलांनाही शिकवले. 1827 साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा ओहम शाळामास्तर होता.

आता माझी कबुली. गंज शोधणारा हा मुलगा नववीत नापास झाला, तेव्हा "याच्याने शिक्षण होणार नाही, कामाला लावा," असे त्याच्या वडिलांना मीच सांगितले होते. तो तोंडी हिशेब बिनचूक करी. अडे ते पुस्तकातले उदाहरण वाचताना, कारण घरी दखनी आणि पुस्तकात छापील मराठी. मोटर चांगली होती, जोड गंजला होता. मी तो तपासलाच नाही. वडिलांनी माझे ऐकले नाही, हे त्याचे नशीब. तो दहावी झाला आणि मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला.

त्या दिवशी मी त्याला हे सारे बोलून दाखवले. तो हसून म्हणाला, "सर, जाऊ द्या, चहा सांगा."

पालकहो, मूल मागे पडले तर एकदम निकाल देऊ नका. डोळे तपासा, भाषा तपासा, घरी अभ्यासाला जागा आहे का ते पाहा, आणि आम्हा शिक्षकांनाही जाब विचारा. विद्यार्थी मित्रांनो, कोणतेही काम करा, पण क्रमाने तपासून करा. आणि ज्याच्या हाताला तेल लागले आहे, त्याच्या डोक्यात काही नसेल असे समजू नका.