करमाफी म्हणजे नवे इनाम

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेले भाषण)



इनाम हा शब्द आपल्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी तो भोगला आहे. पाऊस एकच, माती एकच. पण बांधाच्या अलीकडे कुणब्याने पुरा सारा भरायचा आणि पलीकडे इनामदाराने नाममात्र जुडी टाकून मोकळे व्हायचे. सरकारला लागणारा पैसा त्यामुळे कमी होत नसे. तो उरलेल्या रानांवर बसे. १९५२ च्या कायद्याने मुंबई राज्यातील व्यक्तिगत इनामे खालसा झाली, तेव्हा वडीलधाऱ्यांना वाटले की पीडा गेली. आम्हांस विचाराल तर ती गेली नाही. धोतर सोडून तिने पाटलोण घातली, एवढेच.

आज तिला 'प्रोत्साहन' म्हणतात. मोठी कंपनी येते आणि म्हणते, तुमच्या शहरात आम्ही कारखाना काढतो, हजारो हातांना काम देतो. तुम्ही आमचा कर माफ करा, जमीन स्वस्तात द्या, वीज सवलतीत द्या. हेच ती आणखी चार शहरांना सांगते, आणि पाचही शहरे एकमेकांवर बोली चढवू लागतात. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. तिथे निदान घेणाऱ्याला आणि बैलाच्या मालकाला तरी भाव कळतो. इथे शहराचे खरे मालक म्हणजे कर भरणारे लोक, आणि त्यांनाच भाव कळत नाही.

अमेझॉन कंपनीची खोकी आता आपल्या तालुक्यातही मोटारसायकलवरून येतात, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. २०१७ च्या सप्टेंबरात तिने अमेरिकेत जाहीर केले की आम्हांला दुसरे मुख्य ठाणे वसवायचे आहे, ५० हजार नोकऱ्या देऊ, शहरांनी अर्ज करावेत. २३८ अर्ज गेले! न्यू जर्सी राज्य व नेवार्क शहर यांनी मिळून ७ अब्ज डॉलरपर्यंत सोडण्याची तयारी दाखवली. कंपनी तिथे गेली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात तिने निवडले ते न्यूयॉर्क, आणि राजधानी वॉशिंग्टनच्या कुशीतले आर्लिंग्टन. न्यूयॉर्कने सुमारे ३ अब्ज डॉलर कबूल केले होते. तिथल्या लोकांनी आवाज उठवला, की जगातल्या बड्या श्रीमंतांपैकी एकाच्या कंपनीला आमच्या गल्लीचा पैसा कशासाठी? १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनी रुसून निघून गेली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने न्यूयॉर्कातच १,५०० माणसांसाठी कचेरीची जागा भाड्याने घेतली, तीही सवलतीची एक दिडकी न घेता. कबूल केलेल्या २५ हजार नोकऱ्या कुठे आणि १,५०० कुठे, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. पण न्यूयॉर्कात कंपनीला जे हवे होते, म्हणजे शिकलेली माणसे, आगगाड्या, बाजार, ते माफीवाचूनही तिला तिकडे ओढत होते, हेही तितकेच खरे.

आता आपल्यासारख्यांची गोष्ट ऐका. अमेरिकेतच विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे, दूधदुभत्यासाठी आणि चीजसाठी प्रसिद्ध. त्यात माउंट प्लेझंट हे गाव. २०१७ साली फॉक्सकॉन या तैवानच्या कंपनीने तिथे १० अब्ज डॉलर घालून चित्रवाणीचे पडदे करण्याचा कारखाना काढण्याचे आणि १३ हजार नोकऱ्या देण्याचे वचन दिले. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलर कबूल केले. आम्ही मास्तर माणूस, मुलांना भागाकार शिकवतो. तो इथे करून पाहू. ३ अब्जाला १३ हजारांनी भागा. एका नोकरीमागे २ लाख ३० हजार डॉलर येतात. आणि यातली गंमत अशी की त्या राज्यात कारखानदाराला उत्पन्नावरचा कर आधीच जवळजवळ माफ होता. मग माफ काय करणार? म्हणून सवलतीचा मोठा वाटा रोख द्यायचा ठरला. जो कर भरतच नाही त्याला करमाफीच्या नावाने तिजोरीतून पैसा! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

गावाने आणि जिल्ह्याने रस्ते, पाणी, जमीन यांसाठी कोट्यवधी डॉलरचा बोजा डोक्यावर घेतला. २०१८ च्या जूनमध्ये गावच्या कारभाऱ्यांनी तो सगळा टापू 'पडीक व बिघडलेला' ठरवला, त्यात नांदती घरेही आली. कारण तसे ठरवले म्हणजे घेणे सोपे जाते. माणसे उठली, मक्याची शेते गेली. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी येऊन चकचकीत फावडे चालवले आणि हे जगातले आठवे आश्चर्य होणार म्हणाले. २०२० साली राज्याने पाहिले तर ठरलेली भरती नाही, ठरलेला कारखानाही नाही. पैसे अडवले गेले. २०२१ च्या एप्रिलात नवा करार झाला, त्यात १३ हजारांच्या जागी १,४५४ नोकऱ्या आणि ३ अब्जांच्या जागी फार तर ८ कोटी डॉलर. राज्य वाचले, कारण करारात नोकरी मोजून पैसे असे कलम होते. पण उठलेली घरे परत बसली नाहीत. पुढे २०२३ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिथे जमीन घेतली, म्हणून गावाचा काही बोजा हलका होईल. ते नशीब झाले, त्याला कारभार म्हणता येत नाही.

हीच फॉक्सकॉन आपल्या महाराष्ट्रातही येणार होती, बरे का! २०१५ च्या ऑगस्टात राज्य सरकारशी तिचा करार झाला. ५ अब्ज डॉलर, ५० हजार नोकऱ्या. २०२० च्या आरंभी उद्योगमंत्र्यांनीच सांगितले की ते काही होत नाही. मग २०२२ साली वेदान्त कंपनीशी भागी करून तिचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येतो येतो म्हणता सप्टेंबरात गुजरातेत गेला. इकडे केवढा गदारोळ! तुमच्यामुळे गेला, आमच्यामुळे नाही, म्हणून पुढारी एकमेकांच्या अंगावर धावले. २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनने ती भागीही मोडली. ज्या कारखान्यावरून दोन राज्यांत भांडण लागले, तो ठरल्याप्रमाणे कोठेच झाला नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, पोरे बेकार आहेत, सोयाबीनला भाव नाही, माग बंद पडत आहेत. कारखाना आला तर तुमच्या पोटात का दुखते? दुखत नाही. कारखाना यावा. आमच्या शाळेतून गेलेली पोरे पुण्या-मुंबईला दहाबाय-दहाच्या खोलीत सहा-सहा जण राहतात, ती घरी राहून कामाला गेली तर आम्हांस आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की करमाफीने कारखाना येतो काय? टिमथी बार्टिक नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २०१८ साली याविषयीचे पुष्कळ अभ्यास तपासले. त्याचा अंदाज असा की, सवलत मिळालेल्या शंभर कंपन्यांपैकी फार तर दोन ते पंचवीस कंपन्यांचा निर्णय त्या सवलतीने फिरला असेल. बाकीच्या येणारच होत्या. म्हणजे शंभरातल्या पाऊणशे आणि त्याहून अधिक कंपन्यांना आपण जेवणावर दक्षिणा दिली, आणि तीही उधार काढून.

देणेच असेल तर काय द्यावे, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवून गुळाचा बाजार उभा केला. पुढे राधानगरीचे धरण हाती घेतले. बाजार एका शेटजीच्या नावावर नव्हता. गुळाचा एक व्यापारी उठून गेला तर दुसरा येत होता, पेठ जागेवरच होती. धरणाचे पाणी तर कोणाला गाठोड्यात बांधून परराज्यात नेता येत नाही. आर्लिंग्टनच्या बाजूने व्हर्जिनिया राज्यानेही थोडे शहाणपण केले. नोकरी आधी, पैसा मागून, दर नोकरीमागे २२ हजार डॉलर, आणि त्याबरोबर आपल्या विद्यापीठांत संगणकाचे शिक्षण वाढवण्यावर खर्च. २०२३ साली कंपनीने तिथल्या पुढच्या इमारती लांबणीवर टाकल्या, तेव्हा न झालेल्या नोकरीचे पैसे राज्याच्या खिशातच राहिले. आमच्या मते २२ हजारही जास्तच आहेत, पण ते असो.

आता आपल्या दारातले. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ खाली पंचायतीला कारखान्याशी करार करून करांच्या ऐवजी ठोक रक्कम घेता येते. तसा एका कारखान्याचा अर्ज आपल्या पंचायतीकडे आला आहे. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. ठोक रक्कम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी जुने दप्तर आहे त्यांनी ओळखले असेल. ती जुडी आहे. जुडी कधी वाजवी असू शकते, कधी लूट; आकडे पाहिल्यावाचून सांगता येत नाही. आज गावात सुताराच्या पत्र्याच्या खोपटावर घरपट्टी आहे, कुंभाराच्या आव्याशेजारच्या खोलीवर आहे. त्या रोजच्या हिशेबाने कारखान्याच्या इमारतींची घरपट्टी किती निघते आणि ठोक रक्कम किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले पाहिजेत. करार किती वर्षांचा? दर वर्षी रक्कम वाढणार की दहा वर्षे तीच? गावची किती माणसे कामावर, आणि ती कायम की ठेकेदाराची? कारखाना मधेच बंद पडला किंवा दुसऱ्याला विकला तर उरलेली घरपट्टी कोण भरणार? विहिरींच्या पाण्याला धक्का लागला तर कोणाला धरायचे?

हे प्रश्न कोणा पुढाऱ्याने विचारायचे नाहीत, ग्रामसभेत आपण विचारायचे. बायांनी जरूर यावे. पाणी त्या भरतात. अर्जाची आणि करारच्या मसुद्याची नक्कल मागण्याचा हक्क माहितीच्या अधिकाराने २००५ सालापासून आपल्याला आहे, त्याला कोणाची ओळख लागत नाही. नक्कल हाती आली की सायंकाळी दिवेलागणीनंतर शाळेत या, आम्ही ती ओळ न् ओळ वाचून दाखवू आणि घरपट्टीचा हिशेब फळ्यावर मांडू. ज्यांच्याकडे मागच्या तीन वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या असतील त्यांनी त्या बरोबर आणाव्यात.