ट्रम्पेट कुणाचा?

शीव कोळीवाडा म्हटलं की लोकांना कोळंबी आठवते. फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी मंडळींनी तळलेली ती कोळंबी वस्तीचं नाव घेऊन दूरदूरच्या हॉटेलांत पोचली. स्टेशनचं नाव मात्र आता गुरु तेग बहादूर नगर. जॅझ इथे कुणाला आठवत नाही. पण रात्री हार्बरच्या गाड्या विरळ झाल्या की माझ्या घरात जॅझचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लागतं आणि त्याच्या मागोमाग जुना हिंदी चित्रपट. भिंती पातळ, शेजारी पहाटे कामावर जाणारे. म्हणून आवाज बारीक.

हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. आधी लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट ऐकावा आणि लगेच ‘अलबेला’ लावावा. १९५१चा चित्रपट. नायक आणि दिग्दर्शक भगवान, म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आबाजी पालव. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. दोघंही आपले. आणि ट्रम्पेट? तो गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ यांचा. मुंबईच्या हॉटेलांत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने वाजवत. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून. थिएटरात गीता बाली समोर असताना त्यांच्याकडे कोण बघणार? घरी चित्र थांबवता येतं, मागे नेता येतं.

त्या काळी संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवत. मग कोणत्या वाद्याने कुठे शिरायचं, कुठे गप्प राहायचं, हे कागदावर उतरवायचं काम अरेंजरचं. पाश्चात्त्य स्वरलिपी गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत शिकून आलेली असत, म्हणून हे काम बहुधा त्यांच्याकडे जाई. शंकर-जयकिशन यांच्यासाठी ते सेबॅस्टियन डिसोझांनी वर्षानुवर्षं केलं. चित्रपटाच्या नामावलीत अशा माणसाला फार तर ‘सहाय्यक’ म्हणत. वाजवणाऱ्यांना तेवढंही मिळत नसे.

मी कवितेचा माणूस. आमच्या घरी अब्बा कव्वाली ऐकत. कव्वाल एक मिसरा धरतो आणि त्याच्याभोवती फिरत राहतो. प्रत्येक फेरीत तोच मिसरा वेगळा होऊन येतो. जॅझ मला परका वाटला नाही तो यामुळेच. आर्मस्ट्राँगने १९२६च्या एका रेकॉर्डमध्ये शब्द सोडून नुसती अक्षरं गायली. आपला तराणा दुसरं काय करतो? आणि १९५७च्या ‘आशा’मध्ये सी. रामचंद्रांनी निरर्थक अक्षरांचं जे गाणं बांधलं, ते आजही पोरंटोरं म्हणतात. त्यात दोन शब्द मात्र निरर्थक नाहीत. ते सरळ कोकणी आहेत, अर्थ ‘मला नको’. नामावलीत नसलेल्या गोवेकरांची ती सही आहे, असं मी समजतो. चूक असेन तर असेन.

सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट अँथनी गोन्साल्विस यांची. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलाल यांचे गुरू. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र नांदावेत म्हणून १९५८मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले आणि गावी राहिले. १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं होतं. गणपतीत, लग्नांत सारी मुंबई त्या नावावर नाचली, आणि ते एका जिवंत माणसाचं नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. २०१२मध्ये ते गेले.

आता ही गाणी इंटरनेटवर सहज मिळतात. खाली गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं असतात, वादकांची क्वचित. मी एक वही ठेवली आहे. गाणं थांबवायचं, ट्रम्पेट कुठे येतो, सॅक्सोफोन कुठे येतो ते लिहायचं, नाव सापडलं तर पुढे लिहायचं. बऱ्याच जागी अजून प्रश्नचिन्हच आहे. हळदोण्यात, माजोर्ड्यात, धोबीतलावला किंवा दादरला कुणाच्या कपाटात वाद्य हातात घेतलेल्या आजोबांचा फोटो असेल, तर त्याच्या मागे नाव आणि चित्रपट पेन्सिलीने लिहून ठेवा.