दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणी

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, राजे येतात, तह आणि सनदा येतात. पण गावाचा इतिहास आणखी एका ठिकाणी लिहिलेला असतो. रस्त्यावरचा कंदील कोणी लावायचा, बाजारातला केर कोणी उचलायचा, पटकीची साथ आली तर विहिरीत लाल औषध कोणी टाकायचे, तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, असल्या साध्यासुध्या गोष्टी ज्या कचेरीत ठरतात, त्या कचेरीच्या दप्तरात. आज बोलायचे आहे ते या दप्तराविषयी. त्यासाठी आपण जाऊ या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जालन्याला.

‘जालना सोन्याचा पालना’ अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे व्यापारी गाव तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. काळ मात्र सोन्याचा नव्हता. १८९९-१९०० चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. १८९१ साली औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख २९ हजार होती, ती १९०१ साली ७ लाख २१ हजारांवर आली. दहा वर्षांत लाखावर माणसे कमी झाली! त्याच सुमारास मनमाडकडून आगगाडी आली आणि कापसाच्या व्यापाराला वाट मिळाली. १९०३ मध्ये इंग्रजांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची जालन्याची छावणी उठली. फौज गेली, पण तिच्या आसऱ्याने वाढलेला सदर बाजार मागे राहिला.

आता विचार करा, अशा गावात रोजचा कारभार म्हणजे काय असेल? संध्याकाळ झाली की खांद्यावर शिडी आणि हातात रॉकेलचा डबा घेऊन दिवेवाला निघायचा, काचा पुसायचा, वात सारखी करायचा. पहाटे झाडूवाले यायचे. आठवड्याच्या बाजारात ओट्यांची वसुली व्हायची. पाण्याचा प्रश्न तर होताच. जुन्या काळी जमशेदखानाने इथे मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणले. काळी मशिदीच्या चौकातला हौद त्यांतलाच. पण नळ घालणे एकदाच असते, ते राखणे रोजचे असते. ही नळयोजना पुढे नादुरुस्त झाली. कारभार म्हणतात तो हाच. बांधणाऱ्याचे नाव राहते, राखणाऱ्याचे काम कोणाला दिसत नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र सगळ्यांना दिसते.

मग हा कारभार कोण पाहत होते? निजामी राज्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड म्हणून घेत असत. त्यातून रस्ते, दवाखाने, शाळा, सफाई असा खर्च भागवायचा. त्यासाठी मंडळे नेमलेली असत. जिल्ह्याच्या मंडळाचे अध्यक्ष अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरसाहेब. तालुक्याच्या मंडळाचे तहसीलदार. दप्तर उर्दूत, वर्षे फसली सनाची, हिशेब हाली शिक्क्याच्या रुपयात. आणि सभासद? ते नेमलेले. आणा देणारा कुणबी शेतकरी, पण तो आणा कुठे खर्चावा हे त्याला कोणी विचारले नाही. त्याने अर्ज करावा, आणि हुकूम होईल तेव्हा होईल.

यावर कोणी म्हणेल, “तालुकदार चांगला असला तर काय बिघडले? दिवे लागल्याशी कारण!” हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. कर्तबगार अधिकारी गावाचे पुष्कळ भले करून जातो, हे खरेच आहे. पण त्याची बदली झाली म्हणजे त्याच्याबरोबर त्याचा उत्साहही बदलून जातो. दिवा का लागला नाही हे लोकांनी विचारायचे, आणि ज्याला विचारले त्याला उत्तर द्यावेच लागायचे, अशी रीत मागे राहत नाही.

ती रीत ब्रिटिश मुलखात हळूहळू मूळ धरत होती. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तेव्हापासून नगरपालिकांतून निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढत गेली. मुंबई इलाख्यात १९०१ साली जिल्हा नगरपालिकांचा नवा कायदा झाला. जालन्याच्या पूर्वेला थोडे पुढे गेले की वऱ्हाड लागते. तिथल्या खामगावसारख्या कापसाच्या पेठेतही नगरपालिका होती. तिच्या सभेत मागील सभेचा वृत्तान्त वाचायचा, कोणी ठराव मांडायचा, कोणी अनुमोदन द्यायचे, कोणी हरकत घ्यायची. जकात किती, दिव्याच्या तेलाला पैसे किती, यावर तास तास वाद व्हायचा. ऐकणाऱ्याला कंटाळा यावा असाच तो कारभार. पण भांडण ठरावाने मिटवायचे आणि तो ठराव कागदावर उतरवायचा, हे धडे आपली माणसे तिथेच शिकली. ना. गोखल्यांसारखा देशाच्या अंदाजपत्रकावर बोलणारा पुढारी पुण्याच्या नगरपालिकेचा अध्यक्ष झाला, तो ते काम हलके समजून नव्हे.

मात्र निवडणूक आली म्हणजे न्याय आला, असे समजू नका. मत कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. बायकांना बहुतेक ठिकाणी नाहीच. ज्यांच्या डोक्यावरच्या टोपलीने गाव स्वच्छ राहत होते, त्यांचा उल्लेख दप्तरात यायचा तो पगाराच्या रकमेपुरता. सभेत त्यांचा आवाज नव्हता.

नगरपालिकेच्या एका साध्या ठरावात किती मोठी गोष्ट दडलेली असते, हे पाहायचे असेल तर कोकणातल्या महाडकडे पाहावे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, वहीत चढला. पण तळ्यावर जाण्याची वाट काही मोकळी झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची खरी किंमत जगाला कळली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे कोर्टात दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला.

पाहा, विषय काय होता? एका लहान गावाचे तळे. जालन्याचा मोती तलाव काय, महाडचे चवदार तळे काय, नगरपालिकेच्या लेखी दोन्ही पाणीपुरवठ्याच्या सदरात मोडतात. जालन्याचे दप्तर आपल्याला विचारते, ठरवतो कोण? महाडचे दप्तर विचारते, वगळले कोणाला? स्वराज्याची परीक्षा या दोन प्रश्नांत आहे, आणि कोणत्याही गावाच्या दप्तराला ते विचारता येतात.

पुढे काळ बदलला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० च्या घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनेतच जागा दिली, बायकांना राखीव जागा दिल्या. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली. रॉकेलचे कंदील गेले, जकातनाकी गेली. पाणी मात्र गेले नाही; म्हणजे प्रश्न गेला नाही! २०१२-१३ च्या टंचाईत टँकरमागे धावलेले जालनेकर ते विसरलेले नाहीत. त्या वेळी निजामी काळातल्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढायला नागरिक स्वतः पुढे आले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. २०२२ पासून काही वर्षे महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. दिवे लागत होते, कर वसूल होत होता. पण आपल्या वॉर्डाचा सभासद म्हणून ज्याचे दार ठोठवावे असा माणूस नव्हता. जुन्या तालुकदारीत काय उणे होते, ते त्या वर्षांत पुष्कळांना पुन्हा उमगले असेल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. नागरिकशास्त्राचा धडा पुस्तकात संपवू नका. मुलांना एकदा ग्रामसभेला न्या. इतिवृत्ताची वही कशी असते ते दाखवा, आणि गेल्या वर्षीच्या एका तरी ठरावाचे पुढे काय झाले ते त्यांना शोधू द्या. आणि शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेची दवंडी कानावर आली की “आपले तिथे काय काम?” असे म्हणून घरी बसू नका. आपल्या पणजोबांनी रुपयामागे आणा दिला, पण त्यांना बसायला तिथे जागा नव्हती. आपल्याला ती आहे.