कुकरचं झाकण

श्रोतेहो, विषय नैराश्यावरच्या गोळ्यांचा, वेळ पाच मिनिटं. त्यातली चार मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे: गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

एसिटालोप्राम, सर्ट्रालीन वगैरे सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मळमळतं, तोंडाला कोरड पडते, कुणाला सारखी झोप येते तर कुणाची उडते. मनाला उभारी यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. त्रास आधी, गुण मागाहून. कुकरचंही तेच ना? आधी नुसती फुसफुस, शिट्टी उशिरा. फुसफुस ऐकून गॅस बंद केलात तर डाळ कच्चीच राहणार.

पुढे बरं वाटतं. मग कुणीतरी काकू म्हणतात, "आता कशाला? सवय लागेल." झाली गोळी बंद! दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. अहो, शिट्टी होताक्षणी झाकण ओढलंत, वाफ अंगावर येणारच! ती हळूहळू उतरू द्यायची असते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. पॅरॉक्सेटीन अंगातून लवकर जातं, तिथे जास्तच जपून; फ्लुऑक्सेटीन रेंगाळतं. आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. पुन्हा सांगतो, बरं वाटल्यावरही.

गुपचूप बंद करण्यामागे आणखी एक कारण असतं, ते कुणी बोलत नाही. या गोळ्यांनी शरीरसुखाची इच्छा मंदावू शकते. रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत विचारत नाहीत. स्पष्ट सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते.

मात्र पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे सुरुवातीला नीट लक्ष ठेवा. अस्वस्थपणा वाढला, जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अमेरिकेत २००४ साली औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला, तो याचसाठी. रात्री-अपरात्री टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक आहे, फुकट आहे.

दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहून देणाऱ्या डॉक्टरांपासूनही ही गोळी लपवू नका, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात. म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं, त्याबद्दल खरं तर... काचेपलीकडून खुणा होताहेत. बरं, गोळी आपल्या मनाने... नमस्कार!