योगाभ्यासाचा पोशाख



या व्यासपीठावर भारदस्त विषय होत असताना आम्ही आज सदरा, चड्डी आणि नाडी यांविषयी बोलणार, हे ऐकून काही मंडळी हसली. हसू द्या. योगाच्या वर्गात नाव घालून तिसऱ्या दिवसापासून घरी बसणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना, विशेषतः भगिनींना, आसन जड गेले नव्हते. कपडे आड आले होते.

जुन्या ग्रंथांत या बाबतीत फारसा आधार सापडत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात वस्त्र आले आहे, पण ते अंगावरचे नव्हे, बैठकीचे! हठयोगप्रदीपिकेत अभ्यासाच्या मठीचे वर्णन करताना दार लहान असावे, जमीन शेणाने सारवलेली असावी, इतका बारकावा सांगितला आहे. नेसूविषयी तेथे अक्षर नाही. एकांतातल्या साधकाला लंगोटी पुरत होती. पुढे श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत संस्था काढली, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, योग संसारी माणसांपर्यंत आला, आणि चारचौघांत काय घालावे हा प्रश्न त्याच्याबरोबर आला.

कपड्याची परीक्षा दुकानातल्या आरशापुढे होत नाही. तेथे माणूस ताठ उभा असतो. घरी उकिडवे बसून पाहावे, पाय लांब करून अंगठे धरून पाहावे, मग पाठीवर पडून पाय वर न्यावेत. पश्चिमोत्तानासनात नाडीची गाठ पोटात रुतते. ती कडेला सरकवावी किंवा रुंद, सैलसर इलॅस्टिक लावून घ्यावे. कपालभातीत पोट हललेच पाहिजे, तेथे आवळपट्टा कामाचा नाही. जीनचे जाड कापड मांडी घालताना गुडघ्यामागे घडी होऊन दाटते. मोजे तर काढावेतच, पाय घसरतो.

पण आम्हाला खरी धास्ती वाटते ती सर्वांगासनात. पाय वर गेले की सैल सदरा गळ्याशी गोळा होतो आणि पोट उघडे पडते. लाजेने हात पटकन पाठीचा आधार सोडून सदऱ्याकडे जातो, आणि त्या क्षणी शरीराचा तोल मानेवर येतो. मान दुखावण्याची ही वेळ. म्हणून सदरा आत खोचल्याशिवाय हे आसन करू नये. ओढणी तर अंगावर ठेवूच नये.

‘सैल तितके चांगले’ हा समजही आम्हाला पुरता मान्य नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले आणि १९७५ साली येथे त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या परंपरेतली, मांडीशी इलॅस्टिक असलेली आखूड चड्डी परदेशांतही पुण्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचे कारण सरळ आहे. त्रिकोणासनात गुडघा चुकीचा ताणला जात असेल, तर तो शिक्षकाला दिसला पाहिजे. घोळदार पायजम्यात तो दिसत नाही. तशी चड्डी सर्वांनी घालावी असा आग्रह नाही. पायजमा गुडघ्यावर सहज चढवता यावा, इतके पुरे.

नऊवारीला आम्ही नावे ठेवणार नाही. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. तिच्यात बायकांनी भातलावणीसुद्धा केली. निऱ्यांचा गठ्ठा पुढे वाकताना आड येतो, एवढेच. गोल पातळात मात्र पाऊल फाकत नाही. ते नेसूनच यायचे असेल तर बैठी आसने आणि प्राणायाम करावेत, पाय वर नेऊ नयेत. साठीच्या सासूबाईंनी उद्या सुरवार चढवली आणि घरातले हसले, तर हसणाऱ्यांचे कान उपटावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कापड कोणते? सूत कोरडे दिसले तरी स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. सूत घाम पिते, पण भिजले की लवकर वाळत नाही. १९५८ साली अमेरिकेत शोधलेल्या स्पँडेक्स धाग्याने कापड ताणले जाते आणि परत जागेवर येते. सुतात तो थोडा मिसळलेला असल्यास वाईट नाही. मात्र त्यासाठी दोन-तीन हजार रुपये मोजण्याची गरज आम्हाला दिसत नाही. धुऊन मऊ झालेला जुना सुती सदरा घरोघरी असतो.

एक सूचना विसरू नये. शेवटच्या शवासनात अंग निवू लागते आणि घामाने ओला सदरा पाठीला गार लागतो. पिशवीत एक कोरडी शाल किंवा जुनी चादर घालून आणावी आणि निजण्यापूर्वीच पायांवरून ओढून घ्यावी; एकदा शरीर सैल सोडल्यावर ती शोधायला उठणे कोणालाच नको असते.