परवानगी आणि हक्क
(महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी गौरवाचे शब्द बोलावेत, अशी आपली जुनी रीत आहे. परंतु आज आपण कोणाचीही भीती न बाळगता येथे जमलो आहोत, हीच गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. म्हणून सरकारची सत्ता आणि माणसाचे स्वातंत्र्य यांविषयी चार शब्द बोलण्याची आपली अनुज्ञा मागतो.

कळमनुरी तालुका आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. १९४८ पूर्वी मात्र हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगास पैनगंगा वाहते. पलीकडे उमरखेड-पुसदकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता. दोन्ही तीरांवर भाषा मराठीच. परंतु नदी ओलांडताच कायदा बदलत असे. इंग्रजही लोकांना तुरुंगात टाकीतच होते. तथापि अलीकडच्या तीरावरचा जाच निराळ्या प्रकारचा होता.

१९२९ साली निजाम सरकारने ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक काढले. त्यान्वये सार्वजनिक सभांवर कडक बंधने आली. सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी हवी. खासगी शाळा काढावयाची तर परवानगी, तरुणांना व्यायामासाठी आखाडा काढावयाचा तरी परवानगी! रयतेची भाषा मराठी, तेलुगू वा कानडी. पण वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना संस्थानाबाहेर नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

कोणी म्हणेल, परवानगी मागण्यात एवढे वाईट काय? मागितली तर कधी मिळतही असेल! परंतु खरी मेख येथेच आहे. जेथे प्रत्येक गोष्टीस परवानगी लागते, तेथे नकाराचे कारण सांगण्यास अंमलदार बांधलेला नसतो. मिळाली तर ती त्याची कृपा, न मिळाली तर आपले नशीब. असे दिवस लोटले म्हणजे माणूस मागणेच सोडून देतो, आणि पुढे इच्छा करणेही सोडतो. स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परगा आणि पुढे अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी काम केले. अशा शिक्षकालाच पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करावे लागले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या छळामुळे कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी लढवय्यांचे तळ पडले. तथापि हा झगडा दोन धर्मांचा होता असे समजणे चूक ठरेल. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढे १३ ते १७ सप्टेंबर या दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. परंतु त्यानंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांची हत्या आणि लूट झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तिची चौकशी केली. मात्र तो अहवाल अनेक दशके जनतेपुढे आला नाही. सांगावयाचे ते इतकेच, की धनी बदलल्याने स्वातंत्र्य येत नाही. नव्या धन्याच्या हातालाही जेव्हा मर्यादा पडते, तेव्हाच ते येते.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने ही मर्यादा घातली. ती घडविणाऱ्या सभेत जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही सभासद होते. बोलण्याचे, शांततेने जमण्याचे, आपल्या विवेकाप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आता मागावे लागत नाही. ते रोखावयाचे असेल तर कायदा आणि सबळ कारण सरकारने दाखवावयाचे असते. अटक झालेल्या मनुष्यास अटकेचे कारण सांगावे लागते, आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते.

ही भिंतही अभेद्य नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. बेकायदा डांबलेल्या माणसालाही त्या काळात न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असे एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरविले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत दिले. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले.

सरकारच नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इसापूरचे धरण कोणा एका शेतकऱ्याने बांधले नसते. रस्ता, रोगप्रतिबंधक लस, गरिबाचे धान्य ही सर्वांनी मिळूनच करावयाची कामे. प्रत्येक निर्बंध म्हणजे जुलूमही नव्हे. परंतु हुकूम समोर येताच तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत: हा कोणत्या कायद्याने? कोणत्या कारणासाठी? आणि अन्याय झाला तर दाद कोणाकडे? ज्या सत्तेपाशी यांची उत्तरे आहेत ती न्याय्य असू शकते. जी प्रश्नच ऐकून घेत नाही, तिच्यापासून सावध राहावे.

कळमनुरीच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी जाणारा मनुष्य आजही हात जोडून उभा राहतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने त्याला तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे, आणि प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमान्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते. कायदा बदलला, हात जोडण्याची सवय मात्र मागे राहिली.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. नाण्यावर कोणाची मुद्रा आहे, असे प्रभूने विचारले होते. नाण्यावर राजाची मुद्रा असते, माणसावर देवाची. म्हणून राजा कर घेऊ शकतो, विवेक घेऊ शकत नाही. ही गोष्ट ख्रिस्ती राजांनी व ख्रिस्ती लोकांनीही सदैव पाळली, असे इतिहास म्हणत नाही. व्हॅटिकन धर्मपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी स्पष्ट जाहीर केले, की धर्माच्या बाबतीत कोणत्याही मानवी सत्तेने कोणावर जुलूम करू नये. हा नियम आपल्या संस्थांना, शाळांना आणि घरांनाही लागू आहे. आपल्यासाठी जी मोकळीक आपण मागतो, ती आपल्याहून निराळा विचार करणाऱ्या शेजाऱ्यासाठीही मागावी. नाहीतर आपण हक्क मागत नसून केवळ आपल्यापुरती कृपा मागत असतो.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षी एवढेच करावे. ज्याला लिहितावाचता येते त्याने, ज्याला येत नाही अशा एका तरी शेजाऱ्याबरोबर कचेरीत जावे, त्याचा अर्ज लिहून द्यावा, पोच मागून घ्यावी आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे. रागाचा शब्द काढू नये, आणि मानही खाली घालू नये.